८५ मिनिटांचं नागपूर

"नागपूर ना? मग काय, दीड तासात घरी!"

शुक्रवारी संध्याकाळी पाठीला सॅक लावून ऑफिसातून निघालो की कोणीतरी हे हमखास म्हणतं. म्हणणारा बहुतेक पुण्याचाच असतो, म्हणजे त्याच्या आईबाबांचं घर त्याच्यापासून दोन सिग्नल पलीकडे. बरं, तो खोटं बोलत नसतो. वेळापत्रकात छापलेलंच असतं... पुणे ते नागपूर, साधारण १ तास २५ मिनिटं. संध्याकाळी तेवढ्या वेळात हिंजवडीहून कोथरूडला पोचलो तर आम्ही देवाचे आभार मानतो. :)

पण गेली कित्येक वर्षं या ८५ मिनिटांशी माझं काही जमत नाही. आकडा खरा आहे, पण मला जे हवंय ते तो सांगत नाही. म्हणून म्हटलं, आज रविवार आहे, चहा झालाय, जरा हिशोब मांडून बघू. आकडेमोडीचा कंटाळा असेल त्यांनी मधले दोन-चार परिच्छेद गाळले तरी हरकत नाही, पण मग शेवटी भांडायला येऊ नका.

माझ्या लहानपणी नागपुरात अंतर किलोमीटरमध्ये मोजतच नसत. पुणं किती लांब? तर "एक रात्र". बस्स. महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसायचं, आईने दिलेल्या पोळ्या आणि बटाट्याची कोरडी भाजी वर्धा यायच्या आधीच संपवायची, मग बडनेरा, अकोला, भुसावळ, जळगाव, मनमाड... दौंडला गाडी उभी राहिली की पुणं आलं असं समजायचं आणि तरीही ते यायचं नाही. गाडी आधी पश्चिमेला मनमाडपर्यंत जाते आणि तिथून दक्षिणेला वळून नगरमार्गे (आताचं अहिल्यानगर) खाली उतरते. म्हणजे सरळ न जाता कोपऱ्यावरून वळून जाण्याचा प्रकार. नकाशावर पट्टी ठेवली तर दोन्ही विमानतळांमधलं अंतर साधारण ६०५ कि.मी. भरतं. रेल्वेने तेच ८८० च्या घरात जातं. १० ऑगस्ट २०२५ ला सुरू झालेली अजनी–पुणे वंदे भारत ८८१ कि.मी. बारा तासांत जाते. आमच्या लहानपणच्या गाडीपेक्षा कितीतरी बरी, पण तरीही सकाळी बसलात तर संध्याकाळ गेली.

विमान मात्र सरळ जातं. म्हणजे जवळजवळ सरळ. आकाशातही ठरलेले रस्ते असतात, विमानतळाजवळ रांगा असतात, उतरायची दिशा वाऱ्यावर ठरते. तरी ६०५ कि.मी. आणि ८५ मिनिटं धरली तर ताशी ४२७ कि.मी. पडतात. आता गंमत बघा. हेच विमान वर सरळ उडत असताना ताशी ८०० च्या आसपास जातं. मग निम्मा वेग गेला कुठे?

तर तो जमिनीवर गेला. वेळापत्रकातली वेळ म्हणजे उडण्याची वेळ नव्हेच. विमान जागेवरून हललं तेव्हापासून दुसऱ्या गावी जागेवर थांबलं तोपर्यंतची वेळ. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं, वर चढणं आलं, खाली उतरणं आलं. आपल्या या प्रवासात विमान वर पोचून जरा स्थिर होतं न होतं तोच खाली यायला लागतं. चहाचा कागदी कप हातात येतो आणि लगेच "कचरा द्या" म्हणून पिशवी घेऊन कोणीतरी उभं असतं.

आता यावर आमच्या धंद्यातली एक जुनी युक्ती लावू. पुणे–दिल्ली सरळ अंतर साधारण ११५५ कि.मी., वेळ साधारण २ तास १० मिनिटं, म्हणजे १३० मिनिटं. अंतर जवळपास दुप्पट, पण वेळ फक्त दीडपट. दहावीतलं रेषेचं समीकरण आठवतंय? वाय बरोबर एम-एक्स अधिक सी. दोन बिंदू मिळाले की रेष मिळते. ५५० कि.मी. जास्त अंतराला ४५ मिनिटं जास्त लागली. या हिशोबाने ६०५ कि.मी.ला ५० मिनिटं. उरलेली ३५ मिनिटं म्हणजे आपला 'सी'. तुम्ही नागपूरला जा, दिल्लीला जा, ती ३५ मिनिटं भरावीच लागतात. (दोन बिंदूंवरून रेष काढणाऱ्याला संख्याशास्त्रवाले काय म्हणतात ते मला माहीत आहे. रविवार आहे, सोडून द्या.)

हे झालं विमानाचं. माणूस काही धावपट्टीवर राहत नाही. कोथरूडहून लोहगाव, रस्त्याने माझ्यावर कृपा केली तर एक तास. तिथे दीड तास आधी पोचायचं. मग ही ८५ मिनिटं. उतरून, बॅग घेऊन बाहेर पडायला २५. सोनेगावहून आमचं प्रतापनगर १५ मिनिटं. (नागपूरचा विमानतळ गावातच आहे, हे नागपूरवर देवाचे उपकार आहेत.) बेरीज २७५ मिनिटं, म्हणजे ४ तास ३५ मिनिटं.

आता यातली अंतरामुळे लागलेली वेळ किती? तीच ५० मिनिटं. बाकी पावणेचार तास नागपूर लांब आहे म्हणून लागत नाहीत, आपण विमानाने निघालो म्हणून लागतात. उद्या नागपूर उचलून नगरच्या जागी आणून ठेवलं आणि तिथे विमानाने जायचं म्हटलं तरी ते पावणेचार तास जातीलच. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं होतं, का ते विचारू नका. कदाचित आपलं गाव जगाच्या टोकाला नाही असं गणिताने सिद्ध झालं म्हणून असेल.

खरं तर नागपूर कधीच टोकाला नव्हतं. ते मधोमध होतं आणि मधोमध असणं हाच त्याचा धंदा होता. झिरो माईलचा खांब सगळ्यांना माहीत आहे. १९०७ चा. चार घोडे त्याला नंतर मिळाले. त्याच्यावर गावांची नावं आणि मैल कोरलेले आहेत: हैदराबाद ३१८, चांदा १२५, जबलपूर १७०, शिवनी ७९, छिंदवाडा ८३, बैतूल १०१... मुंबई त्यात नाही. पुणंही नाही. ज्यांनी हा खांब उभारला त्यांच्या लेखी नागपूरचे शेजारी कोण होते ते बघा. तेव्हा नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती. मुंबईची रेल्वे १८६७ सालीच नागपूरला पोचली होती, पण नागपूर मुंबईचं झालं ते १ नोव्हेंबर १९५६ ला, द्वैभाषिक राज्यात. त्याच्या आधी २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला होता. विधिमंडळाचं एक तरी अधिवेशन दरवर्षी नागपुरात व्हावं ही गोष्ट त्यातून आली. म्हणजे अंतर कमी करता येत नाही म्हटल्यावर सरकारने काय ठरवलं, तर वर्षातून एकदा आपणच उठून तिकडे जायचं. डिसेंबरात विमानाची तिकिटं आणि वर्धा रोडवरची हॉटेलं भिडू देत नाहीत ती यामुळे.

पण मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. आमचे आजोबा पोस्टात होते, त्यामुळे ती घरात लहानपणापासून ऐकत आलो. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास, या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही सोनेगावला उतरायची. डाकोटा विमानं, दोन पंख्यांची. तिथे टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल व्हायची, दिल्लीची मद्रासच्या विमानात, मुंबईची कलकत्त्याच्या. मग चारही विमानं परत आपापल्या गावी आणि सकाळी पत्र हजर. सोनेगावपासून सरळ रेषेत मुंबई साधारण ६८० कि.मी., दिल्ली ८५५, मद्रास ९१०, कलकत्ता ९८५. अगदी समान नाही, पण याहून बरा मधला बिंदू शोधून दाखवा! नेटवर्कवाल्या लोकांना हे चित्र लगेच ओळखू येईल. मध्ये एक हब, बाकी सगळे त्याला जोडलेले. अमेरिकेत फेडएक्सने मेम्फिसला रात्री सगळी विमानं जमवायला सुरुवात केली ती १९७३ मध्ये. आमच्या सोनेगावला हे चोवीस वर्षं आधी चाललेलं होतं. (हे सांगताना माझी छाती जरा पुढे येते, माफ करा.)

आणि त्या विमानांमधून टपालाबरोबर माणसंही जायची. म्हणजे पन्नासच्या दशकात मुंबईच्या माणसाला संध्याकाळी निरोप आला आणि जागा मिळाली, तर तो मध्यरात्री नागपुरात उतरू शकत होता. डाकोटा आजच्या जेटपेक्षा कितीतरी हळू. पण ती रात्री निघायची. हा मुद्दा जरा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता जानेवारी २०२१.

तेव्हा लोहगावच्या धावपट्टीचं काम चालू होतं. २६ ऑक्टोबर २०२० पासून वर्षभर विमानतळ रात्री ८ ते सकाळी ८ बंद. रात्री ८.४० ला समोरच्या काकांचा फोन आला. काकांचा फोन कधी येत नाही. दिवाळीला, वाढदिवसाला मीच करतो.

"अरे, घाबरू नको. बाबांच्या छातीत दुखून राहिलं. आम्ही निघालो हॉस्पिटलला. वहिनी सोबत आहेत."

मागून आईचा आवाज येत होता, फाइल कुठेय म्हणून. मग फोन बंद.

पुढची दहा मिनिटं मी काय केलं? लॅपटॉप उघडला आणि विमानं बघितली. बायको म्हणाली, "आधी बस." मी बसलो आणि बसून विमानं बघितली. पुण्याहून पहिलं विमान सकाळी आठनंतर. गाडी काढली तर? समृद्धी तेव्हा सुरू झालेला नव्हता. नगर, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर), जालना, मेहकर अशा रस्त्याने चौदा-पंधरा तास, तेही रात्रीचे आणि अशा मनःस्थितीत. मग तिसरा रस्ता दिसला. टॅक्सीने मुंबई, तिथून पहाटेचं विमान. नागपूर पूर्वेला, म्हणून मी पश्चिमेला निघालो. दहाला कोथरूड सोडलं. दीड वाजता मुंबईचा विमानतळ. मास्क, वर फेस शील्ड, समोर सहा फुटांवर आखलेले पिवळे पट्टे, आणि पहाटेपर्यंत एका खुर्चीत बसून राहणं. सातनंतर सोनेगावला उतरलो, ७.४० ला हॉस्पिटलच्या दारात होतो.

८.४० ते ७.४०. अकरा तास. ६०५ भागिले ११, ताशी ५५ कि.मी. सरळ रेषेत मोजलं तर एखादी पॅसेंजर गाडी.

आता दुसरीकडचं घड्याळ सांगतो. पावणेनऊला काकांनी आपली जुनी मारुती काढली. नऊला हॉस्पिटल. ई.सी.जी. बघताच डॉक्टरांनी सांगितलं, नस बंद आहे, लगेच घ्यावं लागेल. आईने सही केली, काय लिहिलंय ते काकांनी तिला वाचून दाखवलं. डिपॉझिटला काकांनी स्वतःचं कार्ड दिलं. सव्वादहाला बाबांची नस उघडली होती. त्या वेळी मी वाकडही ओलांडलं नव्हतं.

वाकडनंतर, एक्सप्रेसवेवर फोन आला. काका म्हणाले, "झालं बघ. बोलून राहिले बाबा. तू ये आरामात. आम्ही आहो ना इथं, तू काहून घाबरून राहिला?" मग आईने फोन घेतला आणि विचारलं, "तू जेवला का?"

बाबा आज ठणठणीत आहेत. सकाळी फिरायला जातात, तर्री-पोहे बंद केल्याबद्दल अजून मला आणि डॉक्टरांना शिव्या देतात. म्हणून तर हे इतक्या निवांतपणे लिहू शकतोय.

पण त्यानंतर बरेच दिवस मी मनात तो प्रवास परत परत करून बघत होतो. इंजिनियर माणसाची खोड... कुठे वेळ वाचला असता? धावपट्टी उघडी असती तर? रात्री नऊचं विमान असतं तर? शेवटी सगळंच सोयीचं धरलं. समजा, लोहगावला एक विमान फक्त माझ्यासाठी दार उघडून उभं आहे. दीड तास आधी यायची भानगड नाही, बॅग नाही. घर ते लोहगाव ६० मिनिटं, विमान ८५, सोनेगाव ते हॉस्पिटल १५. एकशे साठ मिनिटं. ८.४० ला निघून ११.२० ला पोचलो असतो. नस सव्वादहाला उघडली होती. हृदयविकाराच्या अशा झटक्यात रुग्ण दारातून आत आल्यापासून ९० मिनिटांत नस उघडायची, असा निकष डॉक्टर मंडळी धरतात. काकांनी आणि त्या डॉक्टरांनी ७५ मिनिटांत केलं. माझं काल्पनिक, फुकटातलं, फक्त माझ्यासाठी थांबलेलं विमानसुद्धा त्या खिडकीत बसत नाही.

हे कळलं तेव्हा आधी वाईट वाटलं आणि मग हळूहळू डोकं शांत झालं. म्हणजे त्या रात्रीच्या कामासाठी मी पुण्यात असलो काय आणि न्यू जर्सीत असलो काय, सारखंच. माझा एक वर्गमित्र सिएटलला असतो. तो नेहमी म्हणतो, "तू नशीबवान, दीड तासावर आहेस, मला दीड दिवस लागतो." त्याला मी हे गणित सांगितलं तेव्हा तो फोनवर बराच वेळ गप्प होता.

तर माझ्या लेखी दोन अंतरं आहेत. एक, दहा मिनिटांच्या आतलं. दुसरं, बाकी सगळं जग. पहिल्यात कोण आहे यावर त्या रात्रीचं सगळं ठरतं. विमानं, वंदे भारत, समृद्धी ही सगळी दुसऱ्यातली साधनं. ती बिनकामाची आहेत असं मी म्हणत नाही. समृद्धीचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, शेवटचा इगतपुरी–आमणे टप्पा ५ जून २०२५ ला, आणि ७०१ कि.मी.चा रस्ता पूर्ण झाला. मुंबईचा मोटारप्रवास त्याने जवळपास निम्म्यावर आणला. माझ्यासारखे लोक आता पुण्याहून निघून संभाजीनगरपाशी त्याला लागतात. पण त्याच रस्त्यावर १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर, सिंदखेडराजाजवळ, नागपूरहून पुण्याला येणारी ट्रॅव्हल्सची बस पेटली आणि २५ माणसं गेली. रात्रीच्या बसने आमच्या पिढीतल्या कोणी प्रवास केलेला नाही? सुट्टी वाया जाऊ नये म्हणून रात्र खर्च करायची, हे आम्ही सगळ्यांनीच केलंय. तेव्हापासून आईने माझ्याकडून रात्रीच्या प्रवासाबद्दल वचन घेतलंय. घाई ही दुसऱ्या अंतरातली फार महाग गोष्ट आहे आणि तिने मिळतं फारच कमी.

मग करायचं काय?

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच मला सुचला. बाबांना म्हटलं, "बाबा, तुम्ही दोघं पुण्याला या ना आता. दोन बेडरूम आहेत, लिफ्ट आहे." आणि त्यांना पटावं म्हणून माझं हे दहा मिनिटांचं गणितही सांगितलं. बाबांनी नीट ऐकून घेतलं. ते इलेक्ट्रिसिटी बोर्डातून रिटायर झालेत, त्यांना गणित कळतं. मग म्हणाले,

"तू ऑफिसात किती वाजेपर्यंत असतो?"

"साडेसात-आठ."

"ऑफिसातून घरी यायला?"

"तास-सव्वा तास..."

"सूनबाई?"

"तेवढंच."

"मग तिथं माझ्या दहा मिनिटांत कोण आहे?"

मी गप्प. आमच्या मजल्यावर चार फ्लॅट आहेत. एकाचं नाव मला दारावरच्या पाटीमुळे माहीत आहे. एकाचं कुरिअरवाल्यामुळे. चौथ्याचं अजून नाही. माझ्याच समीकरणाने मला चितपट करून बाबा चहा प्यायला उठले. :)

तेव्हा ठरलं की ते तिथेच राहणार. मग त्यांचा तो दहा मिनिटांचा गोल नीट बांधायला घेतला. फार मोठं काही नाही. बाबांच्या सगळ्या रिपोर्टांची एक फाइल, एकच, दाराजवळच्या कपाटात. फ्रिजवर मोठ्या अक्षरांत फोन नंबर. औषधांची यादी काकांच्या फोनमध्ये, वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या मुलाच्या फोनमध्ये आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे. थोडे पैसे वेगळ्या खात्यात, त्याचं कार्ड आईजवळ, पिन तिला पाठ. घराची एक किल्ली काकांकडे. काकांचे डिपॉझिटचे पैसे दुसऱ्याच दिवशी परत केले. आभार मानायला लागलो तर ते चिडलेच. "आभार कायचे मानतो बे?" एवढं म्हणून आत निघून गेले.

पण एक गोष्ट राहतेच आणि ती अजून सुटलेली नाही. काका एकाहत्तर वर्षांचे होते तेव्हा. आता आणखी मोठे. त्यांची मुलगी मेलबर्नला. आमच्या गल्लीत अकरा घरं आहेत. त्यातल्या सात घरांमधली मुलं बाहेर आहेत, पुणे, बंगळूर, हैदराबाद, दोन अमेरिकेत. या गल्लीतली माणसंच एकमेकांची दहा मिनिटं आहेत, आणि सगळी बरोबरच म्हातारी होतायत. नागपुरात मिहानमध्ये टी.सी.एस., एच.सी.एल., इन्फोसिस आल्यात, त्यामुळे काही पोरं परत येऊन राहिलीत हे खरं. मीही अधूनमधून तिथल्या जागा बघतो. बायकोचं काम मात्र पुण्याशिवाय होण्यासारखं नाही. त्यामुळे तो विषय आमच्याकडे दर तीन महिन्यांनी निघतो आणि जेवण झालं की मिटतो.

तोपर्यंत मी समीकरणाचं ऐकायचं ठरवलंय. पावणेचार तासांचा 'सी' प्रत्येक खेपेला भरावाच लागतो. तुम्ही एक दिवस राहा नाहीतर दहा. मग शनिवारी जाऊन रविवारी परत येणं हा सगळ्यात महाग सौदा, जाता-येता साडेसात तास नुसता 'सी'! कोविडनंतर आमच्याकडे घरून काम करायची मोकळीक थोडी राहिली, तिचा मी एकत्र आठवडा करून घेतला. महिन्यातून एकदा जातो, आठवडाभर प्रतापनगरातून काम करतो. सकाळची मीटिंग चालू असताना आई मागून सांबारवडीची ताटली सरकवते, टीमला आता सवय झालीय. तिकीट दोन महिने आधी काढतो. घाई नसते, भाव कमी असतो आणि आल्यावर बाबांच्या जवळ बसून करायचं असं काहीच नसतं. टी.व्ही.वर मॅच असते. ते "काय बे, आउट झाला" म्हणतात, मी "हो ना" म्हणतो.

विमानाचा वेग यासाठी आहे असं मला आता वाटतं. संकटात धावून जायला तो पुरत नाही, आणि पुरेल अशी आशाही मी ठेवत नाही. काहीही झालेलं नसताना जाऊन बसायला मात्र तो भरपूर आहे.

आणि त्या आठवड्यात आणखी एक गोष्ट आपोआप होते. आता काकांच्या घराचीही एक किल्ली आमच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर असते. त्यांच्या फाइलचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे. मागच्या महिन्यात काकूंना रात्री चक्कर आली, तेव्हा गाडी मी काढली. बी.पी. कमी झालं होतं, दोन तासांत घरी आलो. काकांनी मेलबर्नला फोन लावला तेव्हा तिकडे पहाट होती. मी शेजारीच उभा होतो. ते मुलीला सांगत होते, "घाबरू नको. समोरचा पोरगा आहे ना इथं."

तुमचं गाव कुठलं ते मला माहीत नाही. विमानाला लागणारा वेळ तुम्हाला पाठ असेलच. एकदा सवडीने दुसरी यादीही करून बघा... तुमच्या आईबाबांच्या दहा मिनिटांत कोण कोण आहे, आणि त्यातल्या कितींचे फोन नंबर तुमच्याकडे आहेत. माझ्या यादीत पाच नावं आहेत. सहावं मिळतंय का ते पुढच्या आठवड्यात गेलो की बघायचंय, कोपऱ्यावरच्या घरात नवीन लोक राहायला आलेत म्हणे.